सायबिणीची पाठ

फादर एडविननी चित्रावरची चादर ओढली आणि देवळात एकदम चिडीचूप झालं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी कपाळाला हात लावून क्रूस केला नाही. मग पहिल्या बाकावरून किटेरबायचा आवाज आला, "अंडी कुठं गेली?"

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं.

आम्ही वसईतले ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. उमरवाडीच्या आमच्या देवळात डाव्या हाताच्या छोट्या आलतारावर, म्हणजे वेदीवर, एका संतिणीचं चित्र होतं. लाकडी फळीवर तेलरंगात काढलेलं, पोर्तुगीज पाद्र्यांनी गलबतातून आणलेलं, साडेचारशे वर्षांचं तरी असेल असं फादर म्हणायचे. तेवढी वर्षं मेणबत्त्यांचा धूर खाऊन बाई काळीठिक्कर पडली होती. तोंड दिसायचं ते अंदाजानं. हातातली ताटली मात्र दिसायची आणि ताटलीतले दोन पांढरे गोळे दिसायचे. ती अंडी, हे उमरवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून ती अंड्यांची सायबीण. जिची कूस उजवत नाही तिनं दोन गावठी अंडी पदराखाली घेऊन यायचं, सायबिणीच्या पायाशी ठेवायची आणि गुडघे टेकायचे. फादर लोकांना हा नवस पसंत नव्हता, पण अंडी ते खायचे.

आणि आता समोर कोण, तर एक गोरी, निमुळत्या चेहऱ्याची पोरगी. हिरवा झगा, मागं निळं आभाळ, आभाळाखाली कुठल्याशा परक्या गावाचे मनोरे. आणि ताटलीत दोन डोळे. पापण्यांसकट. सगळ्या देवळाकडं टकामका बघणारे.

फादरनी समजावून सांगितलं. ही सांत लुसी, डोळ्यांची सायबीण. धर्मासाठी तिचे डोळे काढले गेले, म्हणून चित्रकार तिच्या हातात ते देतात. मागं कधीतरी कुणाला ते बघवले नसतील, त्यानं वरून पांढरा रंग फासला. चित्राला भुंगा लागायला लागला म्हणून आपण ते मुंबईला साफ करायला पाठवलं, तिथं तो पांढरा रंग निघाला. इतकी सोपी गोष्ट आहे, असं फादर म्हणाले. पण कुणाला ती सोपी वाटेना. आमच्या आज्या-पणज्या काय डोळ्यांच्या बाईकडं पोरं मागत बसल्या होत्या, असं मागून कुणीतरी विचारलं, आणि एरवी हशा झाला असता तो झाला नाही.

तेव्हा गास्पार उठला. हा किटेरबायचा एकुलता एक मुलगा, देवळाच्या कमिटीचा पुढारी, आवाज असा की त्याला माइक लागायचा नाही. तो चित्राकडं बघतच नव्हता. तो माझ्या सासऱ्यांकडं बघत होता.

"चित्र बदललंय," तो म्हणाला. "आपली सायबीण कुणीतरी खाल्ली."

माझे सासरे म्हणजे बावतीस रुमाव. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. देवळाच्या किल्ल्या माझा नवरा पास्कू जन्मायच्या आधीपासून त्यांच्या कमरेला होत्या. घंटा वाजवणं, आलतार पुसणं, मेणबत्त्या लावणं सगळं तेच करायचे. चित्र टेम्पोत घालून मुंबईला नेलं त्यांनी, परत आणलं त्यांनी, भिंतीवर चढवलं तेही एकट्यानं, दार लावून. आणि गास्पारनं बोट दाखवलं तेव्हा आम्हाला दिसलं, चित्राच्या पाठीवर त्यांनी कोरा मांजरपाट ताणून, कडांवर वळवून बसवला होता. कडेनं खिळेच खिळे.

गास्पारकडं आणखीही होतं. तो मुंबईला केळी घेऊन जायचा. त्या दुरुस्तीवाल्यांच्या मागच्या दाराशी त्यानं आबांना एका माणसाचे हात धरून गयावया करताना पाहिलं होतं. एकदा नव्हे. घरी आबा सांगायचे, दादरला जातो, विड्याच्या पानांचे भाव बघून येतो.

फादर भले माणूस. ते म्हणाले, वाद कशाला, मागचा कपडा काढू, फळी जुनी की नवी ते आंधळ्यालाही कळेल.

आबा हळूच म्हणाले, "पाठ उघडायची नाही, फादर."

का, म्हणून फादरनी विचारलं. आबा चित्रापाशी सरकले. परत विचारलं. आबांनी किल्ल्या मुठीत धरल्या. शेवटी फादरनी सांगितलं की येत्या रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, झाली की एकतर कपडा निघेल, नाहीतर बावतीसनी किल्ल्या खाली ठेवायच्या आणि पुढचं पोलीस बघतील. आबांनी मान हलवली.

घरी येताना पास्कूनं बापाला विचारून पाहिलं. तो विचारून थकला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो घेऊन निघून गेला. त्याचं तसंच होतं, घरात वादळ आलं की ह्याला दादरची भाजी आठवायची. मी मात्र गप्प बसणारी नव्हे. आबा विहिरीवर हातपाय धूत होते तिथं गेले आणि म्हटलं, "आबा, कर नाही त्याला डर कशाला?"

ते पाय धूत राहिले. "ब्रिजिता, कळायचं तेव्हा कळेल. नाही कळलं तर बरंच."

हे काय उत्तर झालं? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आणि त्याचं मला जास्त वाईट वाटत होतं, कारण त्या घरात माझं खरं माणूस तेच होतं. लग्नाला वर्षं उलटली होती, मला मूल नव्हतं. एका बाप्तिस्म्याला सगळ्या बाया बाळ या हातातून त्या हातात देत होत्या, माझ्यापाशी आलं की हात वळायचा. कुणी काही बोललं नाही, पण मला काय कळत नव्हतं? आबा बाप्यांच्या घोळक्यातून उठून आले, आईच्या हातातून बाळ घेतलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि परत जाऊन बसले. असा माणूस सायबीण विकेल? आणि विकली नसेल तर कपडा का काढत नाही?

त्या आठवड्यात गावानं आम्हाला वाळीत टाकलं नाही, पण काय बाकी ठेवलं? आमच्याकडं प्रत्येक घराची एक खूण असते. लग्नात तांब्याची भांडी इकडची तिकडं जातात, ती ओळखू यावीत म्हणून त्यांवर कोरलेली. कुणाचा मासा, कुणाचं केळीचं पान, किटेरबायच्या घरचं गाडीचं चाक. आमची खूण कोयता. शेजारच्या लग्नाला आमची मोठी तपेली गेली होती. बुधवारी ती परत आली, कोरी, आत शितही न शिजवता. आणणाऱ्यानं ओट्यावर ठेवली आणि पाणीसुद्धा न घेता गेला.

पण सगळ्यांत मोठं नवल माझ्या सासूचं. बय म्हणजे तिखट बाई. नवऱ्याला ती स्वतः वाटेल ते बोलेल, दुसरा बोलला तर त्याची खैर नाही. ती आठवडाभर नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही. ताट वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. उमरवाडीतल्या म्हाताऱ्या बाया संध्याकाळी आमच्या मागच्या दाराशी यायच्या, किटेरबायसुद्धा, आणि कुजबुजायच्या. मी गेले की विषय बंद. मला वाटलं, बाया भांडायला येतात. तसंही नव्हतं. त्या बाप्यांपेक्षा जास्त चिडलेल्या होत्या आणि घाबरलेल्याही होत्या.

शुक्रवारी मी आबांचा सदरा धुवायला घेतला. खिशात चुन्याची डबी. आबा पानाच्या मळ्यात जन्म काढलेला माणूस, पण विड्याला शिवत नव्हते, दात पडल्यापासून तर मुळीच नाही. डबी अर्धी रिकामी होती आणि खिशाच्या तळाला दोन-तीन खिळे, कपड्याला मारलेले तसलेच. चुना आणि खिळे. म्हणजे ह्या माणसानं कपड्यामागं काहीतरी रंगवलंय. नवी फळी जुनी दिसावी म्हणून चुना लावत असतील, असं माझ्या डोक्यात आलं.

बय विळीवर बोंबील साफ करत होती. मी डबी तिच्यापुढं धरली आणि कुठं सापडली ते सांगितलं. तिचा हात विळीवरच थांबला. अशी पांढरी पडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"चुना?" ती म्हणाली. "म्हणजे त्यांना ठाऊक आहे."

काय ठाऊक आहे, म्हणून मी विचारलं. तिनं सांगितलं नाही. बोंबील तसेच टाकून ती उठली, हात धुतले, मग परत धुतले. "पाठ बघितलीच पाहिजे," एवढंच तिनं म्हटलं. "पण बाप्यांच्या आधी."

रविवारी मिस्साला पाय ठेवायला जागा नव्हती. नाताळलाही इतके लोक येत नाहीत. फादरनी प्रवचन आवरतं घेतलं, शेवटचा आशीर्वाद दिला आणि कुणीही जागचं हललं नाही. गास्पारनं खिशातून पक्कड काढली. आबा छोट्या आलतारापाशी जाऊन उभे राहिले, चित्राला पाठ लावून. त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि फादरच्या पायाशी ठेवल्या.

"ह्या घ्या," ते म्हणाले. "पोलिसांना बोलवा. मला न्या. कपडा तेवढा राहू द्या."

झालं. गुन्हा कबूल केल्यासारखंच होतं ते. पास्कूनं खाली मान घातली. गास्पार पक्कड घेऊन पुढं झाला, मागून आणखी दोघं-तिघं. आबांना बाजूला सारायला त्याला कितीसा वेळ लागणार? मी रडत होते, आबांच्या रागानं की कीव येऊन ते आजही सांगता यायचं नाही.

तेव्हा बय उठली. लाल लुगड्याचा पदर खोचून ती थेट आलतारापाशी गेली आणि गास्पारच्या हातातून पक्कड काढून घेतली.

"बाप्यांनी बाहेर व्हायचं."

गास्पार हसला. त्यानं आईकडं बघितलं, ही काय बोलते बघ म्हणून. तर किटेरबाय उठून बयच्या शेजारी जाऊन उभी राहिलेली. मग तिच्या मागची म्हातारी उठली, मग तिची सून. एकेक करत सगळ्या बाया उठल्या. बय परत म्हणाली, सगळ्या बाप्यांनी. फादर म्हणाले, मी तर... बय म्हणाली, "तुम्हीसुद्धा, फादर."

आणि ते गेले. अजून मला हसू येतं, कमिटीचे एवढे पुढारी कोंबड्या हाकलल्यासारखे दारातून बाहेर गेले. आबा मात्र हलेनात. त्यांच्या तोंडावर एवढा वेळ भीती नव्हती ती आता आली.

"तू तरी नको बघूस," ते बयला म्हणाले.

"नवा चुना लावलायस ते बघते," बय म्हणाली. नवऱ्याशी एकेरीत बोलताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आबा दार ओढून बाहेर गेले.

बायांनी चित्र उतरवलं, बाकावर पालथं घातलं आणि खिळे उपटले. मांजरपाट निघाला. खाली काळी, भुंग्यानं खाल्लेली, जाडजूड फळी. आणि फळीभर अंगठे. चुन्यात बुडवून उठवलेले बायांचे अंगठे, कुठले पिवळे पडलेले, कुठले अर्धे उडालेले, आणि प्रत्येकाशेजारी नखानं काढलेली घराची खूण. मासा, पान, चाक, कोयता.

मी तोंडाचा आ करून उभी होते. मग बयनंच सांगितलं. सणाच्या आदल्या दिवशी आलतार धुवायचं काम आमच्यात बायांचं, तेव्हा बाप्ये देवळात येत नाहीत. जिनं अंडी वाहिली ती त्या दिवशी चित्र उतरवून सायबिणीच्या पाठीवर एक अंगठा उठवते. मूल झालं आणि त्यानं वर्ष काढलं की शेजारी दुसरा. बाप्याच्या नजरेला ही पाठ पडली तर मूल दगावतं, म्हणून नवऱ्यालाही सांगायचं नाही. मला वेळ आली की सांगणार होती. चित्र बदललं असतं तर सगळ्या बायांचे नवस गेले असते, आणि बाप्यांपुढं पाठ उघडली असती तर मुलं. म्हणून त्या आठवडाभर तळमळत होत्या. आणि माझ्या हातात चुन्याची डबी बघून बयला वाटलं, म्हाताऱ्याला गुपित कळलंय आणि त्यानं नव्या फळीवर खोटे अंगठे उठवलेत.

खोटं काही नव्हतं. किटेरबाय वाकून चाकाची खूण शोधत होती. सापडल्यावर तिनं त्या जोडअंगठ्यावर स्वतःचा अंगठा टेकवून बघितला. बसला. तिच्या गास्पारसाठीचा. आयुष्यभर ती गावाला सांगत आली होती की आपल्याला नवसबिवस करावा लागला नाही. आता ती कुणाकडंही न बघता पदरानं नाक पुसत होती.

आबांचं कोडं तेव्हाच सुटलं. चित्र मुंबईला न्यायला उतरवलं तेव्हा त्यांनी पाठ पाहिली असणार. कोयता पाहिला असणार, एकट्या आणि जोडअंगठ्यांवरून नवस ओळखला असणार. मागच्या दाराशी ते माणसाचे हात धरत होते ते हा चुना पुसू नका म्हणून. परत आणल्यावर भिंतीवर चढवताना चार बाप्यांचे हात लागले असते, म्हणून एकट्यानं चढवलं, वरून कपडा मारला. आणि तोंड उघडलं नाही, कारण बाप्याला हे माहीत असणंच चूक होतं.

मी आमचा कोयता शोधला. एक ओळच होती त्याची. एकटा अंगठा. त्याच्याखाली एकटा. त्याच्याखाली आणखी एकटा. मग एक जोड, ती पास्कूची. पास्कूच्या आधी बयची मुलं गेली होती एवढं मला माहीत होतं, त्यावर घरात कधी कुणी बोलायचं नाही.

जोडीच्या खाली आणखी एक कोयता होता. तो नखानं नव्हे, खिळ्यानं काढलेला. शेजारी अंगठा, पांढराशुभ्र, ताजा. रुंद. मधोमध तिरपी रेघ, आबांना नारळ सोलताना कोयता लागला होता त्याची.

किटेरबायनं ते माझ्याआधी पाहिलं. "हा बाप्याचा अंगठा," ती म्हणाली.

सगळ्या बाया वळल्या. बय त्या अंगठ्याकडं बघत राहिली. नवस कुणासाठी आहे ते सांगायची गरज नव्हती; त्या घरात मूल कुणाला हवं होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. मी बाकाच्या कडेवर बसले. ज्या माणसाचा मी आठवडाभर संशय घेतला तो दार लावून, एकटा, चुन्याची डबी घेऊन माझ्यासाठी इथं उभा राहिला होता.

बयनं मांजरपाट उचलला आणि फळीवर पसरला.

"मला काही दिसलं नाही," ती म्हणाली. "कुणाला दिसलं?"

आळीमिळी गुपचिळी. सगळ्यांत आधी मान हलवली ती किटेरबायनं. खिळे परत ठोकले, तेही तिनंच, पायातल्या चपलेनं.

दार उघडलं तेव्हा बाप्ये अंगणात घोळका करून उभे होते. बय म्हणाली, सायबीण आपलीच आहे, किल्ल्या त्यांच्या त्यांना द्या. फादरनी मुकाट्यानं दिल्या. गास्पार ऐकायला तयार नव्हता. कशावरून, काय पाहिलंत, पुरावा काय, असं तो विचारत सुटला. किटेरबायनं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "तुझ्या बापाला सांगितलं नाही, तुला कशाला सांगू? घरी चल."

आबा आमच्या मागून चालत आले. घरी बयनं ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

मला मुलगी झाली. डॉक्टरांची औषधंही चालू होती, फादर म्हणाले श्रेय त्यांना द्या. मी दोघांनाही दिलं. नाव लुसी ठेवलं. डोळ्यांच्या सायबिणीची मुलगी, आणि पहिलीतच चष्मा लागला. गावानं त्यावरून मला काय कमी छळलं? पण ते पुढचं. लुसीनं वर्ष काढलं त्यानंतरच्या सणाला, आलतार धुवायच्या दिवशी, मी तिला कडेवर घेऊन देवळात गेले. आबा किल्ल्या घेऊन दार उघडायला आले होते. बाया आत आल्या तसे ते रिवाजाप्रमाणं बाहेर निघाले.

"तुम्ही कुठं चाललात?" बयनं विचारलं. "नवस कुणाचा होता?"

बाया घागरी खाली ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी चित्र उतरवलं, मागचा मांजरपाट सोडवला. बयनं कमरेची डबी काढली, झाकण उघडून पुढं धरली. आबांनी अंगठा बुडवला. मी फळी धरली. त्यांनी आपल्या अंगठ्याशेजारी दुसरा उठवला, लुसीचा.

मग ते निघतील असं मला वाटलं. ते वर बघत होते, बयच्या ओळीकडं. त्या एकट्या अंगठ्यांकडं, न जगलेल्या पोरांच्या.

"हे?" त्यांनी विचारलं.

बयनं डबी तशीच पुढं धरून ठेवली. आबांनी परत अंगठा बुडवला आणि तिच्या पहिल्या एकट्या अंगठ्याशेजारी आपला उठवला. मग दुसऱ्याशेजारी. मग तिसऱ्याशेजारी.